अंगठा सोडून बाकी नऊ

९ फेब्रुवारी

ताई,

तुझी अट मान्य आहे. घरातलं एक अक्षर लिहिणार नाही, आईचं नाव या ओळीत आलं तेवढंच. कामाचं काही असेल तर विचार, बाकी काही दिसलं तर पत्र न वाचता फाडीन, असं तू कार्डाच्या मागे खरडलं होतंस. म्हणून कामाचंच विचारते.

तर मी नखांचं काम शिकतेय. हस पोट धरून. चपलांचं दुकान बंद पडलं आणि अडतिसाव्या वर्षी मी एका पार्लरमध्ये बुटक्या स्टुलावर बसून लोकांचे हात धरते. तू हे काम धरलंस तेव्हा सगळ्यात जास्त नाक मीच मुरडलं होतं. जिरली माझी.

पार्लर ज्यांचं आहे त्यांना सगळ्या मॅडम म्हणतात. तोंडाने फटकळ, पण मनात एक आणि तोंडात एक असं नाही. त्यांचं म्हणणं, नखांवरचं जेल पंधरा दिवस टिकलंच पाहिजे. त्याच्या आत सुटलं तर गिऱ्हाईक परत येतं ते भांडायला येतं. एप्रिलअखेर त्या ठरवणार आहेत मला ठेवायचं की नाही.

आणि माझं घोडं तिथेच अडलंय. पहिल्या दिवशी नखं अशी चमकतात की माझीच मला शाबासकी द्यावीशी वाटते. चौथ्या दिवशी टोकाला टवका उडतो. सहाव्या-सातव्या दिवशी मुळाकडून जेल सुटतं, खाली हवा शिरून पांढरट दिसायला लागतं, आणि मग बायकांना कोण सांगणार, टीव्ही बघता बघता सोलून काढतात. परवा एकीने सोललेली चार नखं कागदाच्या पुडीत बांधून आणली आणि माझ्या टेबलावर ओतली. म्हणाली, तुझी तुला परत. मॅडम पलीकडून बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काय करते ते लिहिते. जुनं काढते, नख कापून फाईल मारते, मुळाकडची कातडी मागे ढकलते, बफर फिरवून चकाकी घालवते, स्पिरिटने पुसते. मग बेस कोट, घट्ट व्हायला लॅम्पखाली एक मिनिट, रंगाचे दोन हात, वरून टॉप कोट आणि परत लॅम्प. शिकवणीच्या वहीत आहे तस्संच. तरी सुटतं.

सरावाला एक बाई मिळालीय. साठीच्या पुढची, आमच्याच गल्लीतली. दर दुसऱ्या रविवारी दोन्ही हात माझ्यापुढे ठेवते आणि दोन तास हूं की चूं करत नाही. तिचंही सुटतं, आणि उजव्या अंगठ्याचं तर सगळ्यांच्या आधी, तिसऱ्याच दिवशी. माझ्या हातात काय खोट आहे ती तू सांग. तुझ्याशिवाय विचारायला मला कुणी नाही.

तुझी,
बुटकी


९ फेब्रुवारी, दुपारी
(हे पान पाकिटात घातलं नाही.)

ती बाई आई आहे. नाहीतर दुसरं कोण बसणार माझ्यापुढे दोन तास?

हात तिनेच पुढे केला. तुझ्या वेळी हिनेच आठवडाभर अबोला धरला होता, लोकांच्या नखांतला मळ काढायला शिकवलं का तुला म्हणून. आणि आता रविवारी सकाळी स्वतः टेबल पुसते, टॉवेल अंथरते आणि खिडकीशी जाऊन बसते, शाळेत पहिल्या दिवशी बसतात तशी. आज मी लिहायला बसले तर विचारलं, कुणाला. मी म्हटलं, ताईला, नखांचं विचारायचंय. अंगठा उलटासुलटा करून बघत राहिली.

बाबा गेल्याचं तिने तुला बावीस दिवस कळू दिलं नाही. ते तू माफ करणार नाहीस, आणि करावंस असं मी म्हणत नाही. 'पोर तिकडे एकटी आहे, ऐकून काय करेल, जरा थांबू' असं म्हणता म्हणता दिवस गेले. पण ताई, मीही त्याच घरात होते. फोन माझ्याही हातात होता. तू सगळा राग तिच्यावर काढलास, माझ्या वाट्याला पत्रं आली, आणि मी गुपचूप घेतली. हे तुला कधी लिहिलं नाही. आजही पाठवत नाहीये.


२ मार्च

ताई,

मला वाटलं होतं चार ओळी येतील. तू दोन कागद पाठपोट भरून पाठवलेस. माझ्या टेबलाच्या वरच भिंतीला चिकटवलेत, मॅडमनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, हिला इथे बोलाव, तुझ्या जागी ठेवते. घे, खूश हो.

नखावर ती पारदर्शक कातडी उरते, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही आणि जेल तिच्यावरच बसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी नुसती मागे ढकलत होते. आता तू म्हणालीस तशी कडेकडेने खरवडून काढते, पिठासारखा भुगा निघतो. जेल कातडीला लागू देत नाही, केसभर जागा सोडते. टोकाच्या कडेवरून ब्रश फिरवते, म्हणजे टवका उडायला जागाच उरत नाही. आणि जाड थर लावायची माझी खोड तू न बघता ओळखलीस. लवकर उरकावं म्हणून एकाच हातात सगळं फासायची मी. घरी भांडी पण तशीच घासते. हे घरातलं झालं, खोड समज.

अंगठ्याचं वाचलं तेव्हा मात्र कपाळावर हात मारून घेतला. चार बोटं लॅम्पखाली सरळ राहतात आणि अंगठा कुशीवर पडतो, मग उजेड एकाच बाजूला लागतो आणि बाकीचं जेल आतून कच्चं राहतं. इतकी साधी गोष्ट. आता दोन्ही अंगठे वेगळे, जोडीने, सरळ धरायला लावते.

शेवटी तू लिहिलंयस, जेल सुटलं तर दोष हाताचा, नखाला दोष देणारी कधी शिकत नाही. ते मी मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून आरशावर लावलंय.

फळ मिळालं. पुडीवाली बाई तेरा दिवसांनी आली ती नखं नाचवत आली. सरावाच्या बाईचीही नऊ नखं टिकली. अंगठा सोडून. उजवा. तो वेगळा धरला, सरळ धरला, जास्त वेळ धरला, आणि तिसऱ्या दिवशी हा सुटून मोकळा.

एक विचारायचं राहिलं. त्या अंगठ्याच्या नखात एक उभी काळपट रेघ आहे, मुळापासून टोकापर्यंत, पेन्सिलीने ओढावी तशी. बाई म्हणते, दारात बोट सापडलं होतं. साकळलेलं रक्त असेल का? त्याने जेल धरत नसेल का? की मी नखाला दोष देतेय?

बुटकी


१३ एप्रिल

ताई,

तुझं बरोबर निघालं असणार. दारात सापडून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि सहा महिन्यांत कापून जातं, हे मॅडमही म्हणाल्या. त्यांना मी अंगठा दाखवला नाही, नुसतं सांगितलं. फिका रंग लावला की रेघ खालून दिसते, म्हणून तू सांगितलास तसा गडद मरून लावला, दोन पातळ हात. एकदम झकास. कुणाला कळणार नाही खाली काय आहे ते. बाईसुद्धा हात लांब धरून बघत होती.

माझी बातमी म्हणजे मॅडमनी मला एप्रिल संपायच्या आधीच ठेवून घेतलं. खिडकीजवळची जागा दिली, म्हणजे उजेड चांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दिसते. बाकीच्या दोघी जरा फुगल्यात. फुगू देत. हे तुझ्यामुळे झालं. तोंडदेखलं म्हणत नाही, रात्रंदिवस खपले मी, पण काय करायचं ते तूच दाखवलंस.

तो अंगठा मात्र माझ्या डोक्याला ताप झालाय. मी त्याच्या मागे हात धुऊन लागलेय. मॅडमकडे जो चिवट बेस आहे, कमजोर नखांवर लावतात तो लावून बघितला. पकड यावी म्हणून फाईल जरा जोरात मारली, तर मुळाशी ओलसर झालं, कापसाने दाबून धरलं. एकदा सहा दिवस टिकला आणि मी गल्लीभर सांगत सुटले. सातव्या दिवशी अख्खं झाकण निघालं, आणि त्याला खालच्या नखाचा पापुद्रा चिकटून आला.

आपल्या हाताला यश नाही असं नाही, नऊ नखं साक्ष देतायत. मग एकाच ठिकाणी मी काय चुकतेय? विचार करून लिही. घाई नाही.

बुटकी


१३ एप्रिल
(हेही पाठवलं नाही.)

आई दारात सापडलं म्हणाली नव्हती. ती म्हणाली, शिवणाच्या मशीनची सुई गेली होती ना त्या अंगठ्यातून, युनिफॉर्मच्या कारखान्यात, त्याचीच खूण ती, अधूनमधून वर येते. सुई लिहिली असती तर तुला तिथल्या तिथे कळलं असतं हात कुणाचा आहे ते. म्हणून दार लिहिलं. खोटं बोलायचं तर निदान साधं बोलावं.

तुझं पत्र आलं की ती विचारते, काय म्हणाली? मी म्हणते, कातडी खरवड म्हणाली, थर पातळ लाव म्हणाली. ती म्हणते, तसं नको, वाचून दाखव. मग मी अख्खं वाचते. बेस कोट, लॅम्प, फाईल, सगळं ती असं ऐकते की कुणाला वाटावं तिलाच पार्लर काढायचंय. मध्येच विचारते, अक्षर अजून तिरकंच आहे का. परवा मी कामावरून आले तर पार्लरमधून आणून घरी भिंतीला लावलेले तुझे ते दोन कागद तिच्या हातात होते. कोपरा सुटला होता म्हणे, चिकटवत होते.

फाईल लागली तेव्हा तिचा खांदा वर गेला. मी विचारलं, दुखतं का. नाही गं, म्हणाली, गार लागलं.


२९ जून

ताई,

त्या बाईचं काम सध्या थांबवलंय. विचारण्यासारखं काही नाही. तू बरी असशील.

बुटकी


२९ जून
(यातलं काही पाठवायची माझी छाती झाली नाही.)

गेल्या रविवारी मरून काढला. दीड महिना मी दर वेळी फक्त सुटलेल्या भागावर डागडुजी करत होते, कामाच्या गडबडीत सगळं सोलून मुळापासून काढलंच नव्हतं. ॲसिटोनचा कापूस उचलला. रेघ राहिलीच नव्हती. अर्धं नख काळं झालं होतं, मधोमध चिरलेलं, आणि तो काळेपणा मुळावरून बाहेर कातडीवर उतरला होता, शाईचा डाग पसरतो तसा.

मी तरी काय केलं असेल सांग. मी ते धुतलं. मला वाटलं रंग उतरला कातडीत. ब्रश घेऊन घासत बसले आणि ती दात आवळून बसली.

सोमवारी तिला पार्लरमध्ये नेलं, मॅडमना विचारावं म्हणून. मॅडमनी तिचा हात खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि चष्मा लावून बघितला. मग मला आत नेलं, मेण तापवायच्या खोलीत, आणि दार लावून घेतलं.

"हे नखाचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. किती दिवस झाकतेयस?"

मी म्हटलं, मार्चपासून बघतेय, एप्रिलपासून झाकतेय. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, आज सुट्टी घे, आत्ताच्या आत्ता घेऊन जा. आणि बाहेर जाऊन आईला स्वतः चहा करून दिला.

डॉक्टरांनी नखाखालचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. आई घरी आली, सुजलेला हात उशीवर ठेवून बसली आणि पहिलं काय म्हणाली असेल? "तिला काही लिहू नकोस."


१७ जुलै

ताई,

अट मोडतेय. फाडायचं असेल तर एवढी ओळ वाचून फाड. ती सरावाची बाई आई आहे.

नखाखाली कॅन्सर निघाला. त्वचेचाच एक प्रकार असतो म्हणे, नखाच्या मुळात होतो आणि रेघ म्हणून दिसतो. परवा गुरुवारी अंगठा काढणार आहेत, खालच्या सांध्यापासून. काखेतही गाठ लागली आहे आणि छातीच्या फोटोत काही ठिपके आहेत, त्याबद्दल मोठे डॉक्टर ऑपरेशननंतर बोलणार आहेत. आमच्याशी बोलताना ते सारखे टेबलावरचा पेन सरळ करत होते, त्यावरून मी काय ते समजले.

आई म्हणते, कळवायचं नाही. मी तिच्यासमोर हो म्हटलं, तिची उशी नीट केली, आणि दवाखान्याच्या जिन्याखालच्या बाकावर येऊन हे लिहितेय. एकदा त्या घरात गप्प बसले, आता नाही बसणार. बाबांच्या वेळी मीही तुला फोन केला नव्हता. तू समजत होतीस की तिने मला अडवलं. मला कुणी अडवलं नव्हतं. मी घाबरले होते, आणि ती बोलत नाहीये तर माझी काय जबाबदारी, असं म्हणून हात झटकले. एवढी वर्षं तू तिला एकटीलाच बोल लावलास आणि मी लावू दिला. जी पानं पाठवली नव्हती ती सोबत घातलीत, त्यात सगळं आहे. वाच.

आता सगळ्यात अवघड. गडद रंग तू सुचवलास आणि तो मी आईच्या अंगठ्यावर लावला. हे मी गाळू शकले असते. आजारपण कळवलं असतं, बाईचं तसंच राहू दिलं असतं, तुला कधी कळलंच नसतं. अर्धा तास पेन हातात धरून बसले होते. पण तुला काय झेपेल आणि काय नाही हे मी ठरवायला लागले, तर बाबांच्या वेळी झालं त्याहून वेगळं काय?

तुझी काही चूक नाही. दारात बोट सापडलंय असं तुला कळवलं आणि तू त्यावर उत्तर दिलंस, कुणीही तेच दिलं असतं. माझ्यापुढे तर अंगठा होता. दर दुसऱ्या रविवारी, दोन तास, दिव्याखाली. त्या नखाला काय झालंय हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मला एवढंच वाटत राहिलं की माझा हात कुठे चुकतोय. कधी बेस बदलला, कधी फाईल बदलली. कामात हुशार व्हायच्या नादात आईच्या हाताकडे बघायचं राहिलं, आणि ते मी कुणावर ढकलणार.

तुला राग येऊ दे माझा. पण उत्तर दे.

बुटकी


१ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र काल आलं. तीन ओळी, खाली सहीसुद्धा नाही. 'सुई डाव्या अंगठ्यात गेली होती. मी तिला डबा द्यायला गेले होते, मीच ओढून काढली. तिला विचार उजवा का म्हणाली.'

मी ते दवाखान्याच्या फाटकात उभ्यानेच वाचलं आणि तिथल्या कट्ट्यावर बसले. तेव्हा मी चार वर्षांची होते गं. सुई गेली होती एवढंच ऐकून माहीत, कुठल्या हातात ते मला कुठून असणार? तुला होतं. मार्चमध्ये मी दाराच्या जागी सुई लिहिली असती, तर हेच तीन ओळींचं पत्र मला एप्रिलमध्ये आलं असतं. तुझ्या अटीला भिऊन मी दार लिहिलं. डॉक्टरांना विचारलं, तीन महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, आता त्याचा विचार करू नका. मी तरी करतेय, आणि तूही करणार, म्हणून लपवत नाही.

ऑपरेशन झालं. हाताला एवढं मोठं बँडेज आहे की पलीकडच्या खाटेवरची आजी तिला बॉक्सर म्हणते. आई हसली त्यावर. त्याच्या आदल्या दिवसाचं सांगते. नर्स म्हणाली, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात, नखांवरचा रंग काढून या. मी ॲसिटोन आणि फाईल घेऊन तिच्या खाटेवर बसले. अंगठा तर उघडाच होता. बाकीची नऊ, पाच आठवड्यांपूर्वी केलेली, निघता निघेनात. कडेला नख घालायला फट नाही, कुठे हवा नाही, टवका नाही. कापूस भिजवून भिजवून, घासून घासून दोन तास लागले. एवढं चांगलं काम मी आजवर कुणाचं केलं नव्हतं. शेवटच्या करंगळीपाशी आले तेव्हा मला रडू आवरेना, आणि ती डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटत होती.

आज तुझ्या तीन ओळी तिला वाचून दाखवल्या. नुसत्या वाचल्या, काही विचारलं नाही. ती म्हणाली, "तिला बरोबर आठवतंय. डावाच."

मग माझ्याशी खोटं का बोललीस, असं मी विचारलं. आवाज चढला माझा, पलीकडची आजी वळून बघायला लागली. आई खिडकीकडे तोंड करून राहिली. दुखत कधीपासून होतं, म्हटलं. मार्चपासून, म्हणाली. दुसऱ्या पत्राच्या वेळी ठणका लागायचा, फाईल लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणजे मी विचारलं होतं तेव्हा गार लागलं म्हणाली, ते. मी म्हटलं, अगं आई, एक शब्द बोलली असतीस तर तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो, का नाही बोललीस?

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण यातलं काही गाळायचा मला हक्क नाही.

"बाकीची नऊ टिकायला लागली होती तुझी. अंगठाही टिकला असता तर तू तिला काय विचारलं असतंस? ती मग कशाला लिहिते?"

हे तुला सांगायचं नाही, असंही म्हणाली. नंतर झोपली.

ठिपके फुप्फुसात आहेत. मोठे डॉक्टर महिने म्हणत नाहीत, आठवडे म्हणतात. दुसरा मजला, खाट अठरा, भेटायची वेळ चार ते सहा. तू आलीस तर बाहेर थांबायला मी तयार आहे, आत तू एकटी जा.

बुटकी